न रागावता वीजबचत

नळ उघडा राहिला, तर पाणी वाहताना दिसते. तांदूळ सांडले, तर दाणे जमिनीवर पडलेले दिसतात. कोणीतरी लगेच उठते, नळ बंद करते, दाणे वेचते. विजेचे तसे नाही. रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहिला, तरी जमिनीवर काही सांडत नाही. भिंत ओली होत नाही. फक्त मीटरमधले आकडे हळूहळू पुढे सरकतात आणि मीटरकडे कोणाचे लक्ष नसते. महिना संपतो, बिल येते आणि मग घरात प्रश्न विचारला जातो, “एवढे बिल आले कसे?”

यानंतर बहुतेक घरांत रागावणे सुरू होते. अब्बा भाईजानला रागावतात, भाईजान आपाला रागावतो आणि शेवटी सगळ्यांत लहान मुलाला सर्वांची बोलणी खावी लागतात. दोन दिवस घरातली सगळी बटणे वेळेवर बंद होतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! म्हणजे राग वाया जातो आणि वीजही वाया जाते. मग वीज वाचवायची कशी? आणि दुसऱ्याला ती वाचवायला सांगायचे कसे? मित्रांनो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपण शोधू या.

आधी थोडा हिशेब करू. वीज युनिटमध्ये मोजतात. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. १०० वॅटचा दिवा दहा तास जळला, तरी एकच युनिट. आता आपल्या घरातली उपकरणे पाहा. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्याला ९ युनिट लागतात. तेवढाच प्रकाश देणारा एलईडी बल्ब साधारण ९ वॅटचा असतो. त्याला महिन्याला दीड युनिटही लागत नाही. असे का होते? जुन्या बल्बमध्ये तार तापून लाल-पिवळी होते, तेव्हा उजेड पडतो. त्यामुळे बहुतेक वीज उष्णतेत जाते आणि उजेडाच्या वाट्याला फारच थोडी येते. जळता बल्ब हाताला चटका देतो, तो चटका म्हणजे वाया गेलेली वीजच होय.

पंख्याचेही असेच आहे. छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो. तो रोज बारा तास फिरला, तर महिन्याला २७ युनिट होतात. नव्या प्रकारचे काही पंखे ३० वॅटच्या आसपास चालतात. त्यांना तेवढ्याच वेळात ११ युनिटही लागत नाहीत. पाणी तापवणारा २००० वॅटचा गीझर मात्र अर्ध्या तासातच एक युनिट संपवतो. याउलट मोबाइल रोज पूर्ण चार्ज केला, तरी महिनाभरात पाऊण युनिटसुद्धा लागत नाही. घरात सर्वांत जास्त बोलणी मोबाइलच्या चार्जरमुळे बसतात आणि गीझरला कोणी काही बोलत नाही! हिशेब माहीत नसला, की राग असा भलत्याच ठिकाणी निघतो.

बिलाची आणखी एक गंमत आहे. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो. १०१ ते ३०० युनिटांना त्याहून जास्त दर लागतो आणि त्यापुढे आणखी जास्त. समजा, एका घरात महिन्याला १३० युनिट वीज लागते. त्या घराने ३० युनिट वाचवले, तर ते नेमके वरच्या, महागड्या दराचे युनिट असतात. म्हणून युनिटची बचत थोडी दिसली, तरी पैशांची बचत त्या मानाने जास्त होते. ज्या घरात महिन्याचा खर्च मोजूनमापून केला जातो, त्या घरात एवढ्या पैशांत वह्या येतात, औषध येते.

हा प्रश्न फक्त आपल्या खिशाचा नाही. आपल्या राज्यात बरीच वीज कोळसा जाळून तयार होते. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ येथे अशी औष्णिक वीजकेंद्रे आहेत. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने मोठी चक्रे फिरवतात आणि त्या फिरण्यातून वीज निर्माण होते. अशी एक युनिट वीज तयार करायला साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा लागतो. त्याचा धूर आणि राख त्या परिसरातल्या लोकांच्या वाट्याला येते. कोयनेसारख्या ठिकाणी धरणाच्या पाण्यावर वीज तयार होते. तेथे धूर नाही, पण धरणातले पाणीही मोजकेच असते. तयार झालेली वीज शेकडो किलोमीटर तारांमधून प्रवास करते. वाटेत तारा तापतात आणि थोडी वीज तेथेच नाहीशी होते. म्हणून आपण घरात एक युनिट वाचवले, की तिकडे एका युनिटहून थोडी जास्तच वीज वाचते.

विजेची टंचाई म्हणजे काय, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात अनेक गावांना आणि शहरांना रोज काही तास भारनियमन सोसावे लागले. वीज गेली, की मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमाग थांबत. माग थांबला, की कापड थांबे आणि कापड थांबले, की कारागिराची मजुरी थांबे. मुले कंदिलाच्या किंवा मेणबत्तीच्या उजेडात अभ्यास करत. त्यांनी वीज उधळली होती, असे नाही. टंचाई आली, की तिची झळ ज्याने उधळपट्टी केली त्यालाच बसते असे नसते. ज्याच्याकडे दुसरी सोय नसते, त्याला ती आधी बसते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. दुसऱ्याला सांगायचे कसे? या प्रश्नाचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन मार्कोस नावाचे एक शहर आहे. तेथे मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी घरांच्या दारांवर चिठ्ठ्या अडकवल्या. चिठ्ठ्यांमध्ये वीज वाचवण्याचे साधे उपाय होते. पण ते का करावेत, याचे कारण प्रत्येक चिठ्ठीत वेगळे होते. काही घरांना सांगितले, की पर्यावरण वाचेल. काहींना सांगितले, की समाजाचे भले होईल. काहींना सांगितले, की पैसे वाचतील. आणि काही घरांना फक्त एवढेच सांगितले, की तुमच्या भागातले बहुतेक शेजारी हा उपाय करत आहेत.

नंतर मीटर वाचले. तुम्हांला काय वाटते, कोणती चिठ्ठी जास्त उपयोगी पडली असेल? आपण म्हणू, पैशांची. पण तसे झाले नाही. शेजाऱ्यांबद्दलची चिठ्ठी ज्यांना मिळाली होती, त्या घरांनी सर्वांत जास्त वीज वाचवली. आणखी नवल म्हणजे, त्याच लोकांना विचारले, की या चिठ्ठीमुळे तुम्हांला वीज वाचवाविशी वाटली का, तेव्हा त्यांनी तिला फारसे महत्त्व दिले नाही. शेजाऱ्यांचे पाहून आपण बदलतो, पण ते आपल्या लक्षातही येत नाही! हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

त्याच शहरातला दुसरा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. तो तर अधिकच विचार करायला लावणारा आहे. या वेळी जवळजवळ ३०० घरांना चिठ्ठीतून कळवले, की तुम्ही इतकी वीज वापरली आणि तुमच्या भागातल्या घरांची सरासरी इतकी आहे. जी घरे सरासरीपेक्षा जास्त वीज वापरत होती, त्यांनी वापर कमी केला. ठीकच झाले. पण जी घरे आधीच काटकसरीने राहत होती, त्यांचा वापर वाढला! त्यांना वाटले असावे, “इतर लोक एवढी वीज वापरतात, मग आपणच कशाला एवढी काळजी घ्यायची?”

मग यावर उपाय काय? अभ्यासकांनी काही घरांच्या चिठ्ठ्यांवर एक छोटेसे चित्र काढले. कमी वीज वापरणाऱ्या घराच्या चिठ्ठीवर हसरा चेहरा आणि जास्त वापरणाऱ्या घराच्या चिठ्ठीवर उदास चेहरा. बस, एवढेच. ज्या काटकसरी घरांना हसरा चेहरा मिळाला, त्यांनी आपली चांगली सवय सोडली नाही. पैसे नाहीत, बक्षीस नाही, फक्त एक हसरा चेहरा! चूक करणाऱ्याला आपण लगेच बोलतो; पण जो रोज आठवणीने दिवा मालवतो, त्याला “शाबास” म्हणायचे मात्र विसरतो. ती शाबासकी किती मोलाची असते, हे या प्रयोगावरून कळते.

माणसाच्या स्वभावाची आणखी एक गोष्ट आहे. जे समोर आयते ठेवलेले असते, तेच आपण बहुधा स्वीकारतो. याचा उपयोग आपल्या देशातही केला गेला. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे तारांकित एअर कंडिशनर अशाच पद्धतीने तयार केले जातात, की यंत्र सुरू केल्यावर तापमान आपोआप २४ अंश सेल्सिअसवर असते. कोणाला कमी-जास्त करायचे असेल, तर तो करू शकतो. त्यावर बंदी नाही, दंडही नाही. पण पुष्कळ लोक आहे ते तापमान तसेच राहू देतात. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने सांगितले आहे, की तापमान एक अंशाने वाढवले, तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे यंत्र नसेल. पण बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये ते असते. तेथे लोक थंडीने कुडकुडत बसलेले आपण पाहिले असतील.

उपकरणांवरील तारे हीदेखील अशीच एक सोय आहे. २००६ साली आपल्या देशात ही पद्धत सुरू झाली. फ्रिज, एअर कंडिशनर अशा वस्तूंवर एक ते पाच तारे छापलेले असतात. तारे जितके जास्त, तितकी वीज कमी लागते. फ्रिजच्या लेबलवर तो वर्षाला किती युनिट घेईल, हेही लिहिलेले असते. २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही तारे असणे बंधनकारक झाले. दुकानात गेल्यावर आपण किंमत विचारतो, रंग पाहतो. आता तारेही पाहू या. स्वस्त पंखा एकदाच स्वस्त पडतो, पण त्याचे बिल मात्र दर महिन्याला येत राहते.

हे सारे आपल्या घरात कसे आणायचे? पहिली गोष्ट म्हणजे, हुकूम करू नये, सोय करावी. पंख्याचे आणि दिव्याचे बटण दाराजवळ असेल, तर जाता जाता हात सहज तेथे जातो. पाच-सहा बटणे एका ओळीत असली, की कोणते कशाचे हे कळत नाही आणि लोक सगळीच चालू करतात. प्रत्येक बटणाजवळ छोटी चिठ्ठी लावा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, लहान भावंडांसाठी चित्र काढा. इस्त्री रोज एकेका कपड्यासाठी तापवण्यापेक्षा आठवड्याचे कपडे एकदम करावेत. शेवटच्या कपड्याच्या वेळी बटण बंद केले, तरी उरलेल्या उष्णतेवर तो कपडा होतो. फ्रिजमध्ये गरम सालन ठेवण्याआधी ते निवू द्यावे. छतावरची टाकी भरून वाहू लागली, तर पाणी आणि वीज दोन्ही वाया जातात. म्हणून मोटर सुरू करताना मोबाइलवर गजर लावावा.

दुसरी गोष्ट म्हणजे, आधी समोरच्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. समजा, दादी रात्रभर व्हरांड्यातला दिवा चालू ठेवतात. तुम्ही गेलात आणि म्हणालात, “दादी, तुम्ही किती वीज वाया घालवता!” तर त्यांना वाईट वाटेल. त्यापेक्षा विचारा, “दादी, रात्री दिवा का हवा असतो?” त्या म्हणतील, “बेटा, पहाटे वजूसाठी उठते. अंधारात पाय घसरला तर?” आता कळले ना? तो दिवा वाया जात नाही. तो दादींचा आधार आहे. तेथे मोठा बल्ब काढून अगदी छोटा एलईडी दिवा लावला, की दादी निश्चिंत आणि मीटरही शांत. ज्याला आपण उधळपट्टी समजतो, तिच्यामागे पुष्कळदा एखादी खरी गरज असते. गरज समजली, तर मार्ग निघतो.

तिसरी गोष्ट म्हणजे, कोणाला काय सांगावे याचे भान ठेवावे. ज्या घरात एकच पंखा आणि दोनच दिवे आहेत, त्या घराला काटकसरीचे धडे देण्यात अर्थ नाही. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला उजेड हवाच. आजारी माणसाला पंखा हवाच. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या बाईला मशीनवर चांगला दिवा हवाच. आपल्याला वीज वापरणे थांबवायचे नाही. ज्या विजेचा कोणालाच उपयोग होत नाही, तेवढीच थांबवायची आहे. मराठीत याला काटकसर म्हणतात. उर्दूत किफायत म्हणतात. हा शब्द तर मराठीनेही आपलासा केला आहे. कमी खर्चाच्या वस्तूला आपण ‘किफायतशीर’ म्हणतो. कंजूस हा शब्द दोन्ही भाषांत आहे, पण किफायत वेगळी आणि कंजुषी वेगळी. कंजूस माणूस गरजेच्या ठिकाणीही हात आखडतो. काटकसरी माणूस गरजेला भरपूर देतो आणि वाया जाणारे तेवढे वाचवतो.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि सर्वांत अवघडही. ती म्हणजे, आधी आपण करावे. सॅन मार्कोसच्या लोकांनी शेजाऱ्यांचे ऐकून आपले वागणे बदलले. आपल्या घरातही लहान मुले मोठ्यांकडे पाहतात आणि मोठेही, कबूल केले नाही तरी, लहानांकडे पाहतात. तुम्ही वर्गातून शेवटी बाहेर पडताना पंखा बंद केलात, तर उद्या दुसरा कोणी करील. त्याला कदाचित आठवणारही नाही, की ही सवय त्याने कोणाकडून उचलली.

आता एक काम करा. सात दिवस रोज रात्री एकाच वेळी घरचा मीटर वाचा. मीटरच्या पडद्यावर एकामागून एक आकडे येत असतील, तर ज्याच्याजवळ ‘केडब्ल्यूएच’ ही इंग्रजी अक्षरे दिसतात, तो आकडा लिहून घ्या. काल ४३१२ होते आणि आज ४३१७ असतील, तर एका दिवसात पाच युनिट वीज लागली. मीटरला किंवा तारांना हात लावू नका. फक्त लांबून वाचा. हा कागद सर्वांना दिसेल अशा जागी भिंतीवर लावा. ज्या दिवशी आकडा कमी असेल, त्या दिवसासमोर एक हसरा चेहरा काढा. ज्या दिवशी जास्त असेल, त्या दिवसासमोर कारण लिहा. पाहुणे आले होते, कोणी आजारी होते, इस्त्री होती. कोणाचे नाव मात्र लिहू नका.

सात दिवसांत फार मोठी बचत होणार नाही. कदाचित दोन-चार युनिटच वाचतील. पण न दिसणारी वीज घरातल्या सर्वांना दिसू लागेल आणि एकदा ती दिसू लागली, की रागावण्याची गरज फारशी उरत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, असे मराठीत म्हणतात. उर्दूतही कतऱ्या-कतऱ्याने दरिया बनतो. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट सांगितली आहे. तळ्यातला पहिला थेंब कोणाच्या घरचा असावा, एवढेच आता आपण ठरवायचे आहे.